कापा की बरका

आमच्या शकूला रस्त्यात झाड दिसलं की ती थांबायची. नुसती थांबली असती तर चाललं असतं. ती जवळ जायची, अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडायची, बोट नाकाला लावायची आणि म्हणायची, "हं." त्या "हं"चा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही. लग्नाला निघालो असू की कोणाच्या मयताला, वाटेत अनोळखी झाड आलं की हे व्हायचंच. एकदा मुरारला कॅन्टोनमेंटच्या भिंतीशी ती असंच एक झाड खरवडत होती तर आतून शिपाई ओरडला, "ओ अम्मा, क्या चुरा रही हो?"

"चुराती नहीं. नाव पूछती हूँ," ही म्हणाली.

"ये नाम पूछने का कौन सा तरीका है?"

"जो बोल नहीं सकता उसको ऐसे ही पूछते हैं."

शिपाई हसायला लागला आणि त्यानंच नाव सांगितलं, कचनार. ही खूश झाली, कारण तिच्या माहेरी त्यालाच कांचन म्हणतात. मग दोघं भिंतीच्या आरपार त्याच्या कळ्यांच्या भाजीवर बोलत बसले आणि मी स्कूटर धरून उन्हात उभा.

ती गेल्या माघात गेली. तापाचं निमित्त झालं. तेराव्याला आमच्या मराठी मंडळाची माणसं आली आणि बोलली, शांत होती, सोशिक होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही. ऐकून मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाच्या बायकोबद्दल बोलताहेत. शांत तर ती झोपेतही नव्हती. म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं आयुष्य पडावच्या गॅरेजात ट्रकांची इंजिनं उघडण्यात गेलं. लिहिणं हे माझं काम नाही. पण ती जशी होती तशी राहायला पाहिजे.

शकू कोकणातली, राजापूरच्या बाजूची. आम्ही इथले. वाडवडील फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले आणि किल्ल्याच्या पायथ्याशीच राहिले, किला गेटच्या मागे. आमच्या घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मी हिंदी कधी मिसळली ते आम्हालाही मालूम नाही. शकू आली तेव्हा तिला आमची मराठी कळायची नाही आणि हिंदी तर नाहीच. तिला कळायची फक्त झाडं, आणि तिच्या ओळखीची झाडं इथे नव्हती. नारळ नाही, सुपारी नाही, रातांबा नाही. पहिल्या दसऱ्याला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लोकांनी तिच्या हातात शमीचा पाला ठेवला, "सोनं घ्या." तिच्या गावी आपट्याचं पान देतात, चांगलं रुंद. तिनं त्या बारीक पाल्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "हे सोनं? ही तर सोनाराच्या दुकानातली झाडलोट." माझी आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

कडुनिंब तेवढा इथे भरपूर. त्याला ती वैद्यकाका म्हणायची आणि मुलांना खरूज झाली की त्याच्याकडे पाठवायची. बेलाच्या झाडाशी तिचं पटायचं. चिंचेखाली बसू देत नसे. वड तर सगळीकडे सारखाच. पण वडावरूनच ते सगळं सुरू झालं.

वटपौर्णिमेला आमच्या बायका वडाला सूत गुंडाळतात आणि एकमेकींना पाच फळांचं वाण देतात. शकूच्या गावी त्या पाचांत फणसाचा गरा पाहिजेच. आंबा, जांभळं, करवंदं, केळं आणि गरा. लग्नानंतरच्या पहिल्या वटपौर्णिमेला आईनं तिच्या ताटात खरबुजाची फाक ठेवली.

"हे काय?"

"खरबूज. फणस इथे कुठला? वडाला चालतं."

"वडाला चालेल," शकू म्हणाली. "मला नाही चालत."

त्या दिवसापासून तिला एकच पाहिजे होतं. आपल्या अंगणातल्या फणसाचा पिकलेला गरा, वटपौर्णिमेच्या वाणात. तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. काशी नको, रामेश्वर नको. मी विचारायचो, नवरा तोच पाहिजे का सात जन्म? ती म्हणायची, "ते मी वडाला अजून नक्की सांगितलेलं नाही. चौकशी चालू आहे."

आता फणस म्हणजे काय हे इथल्या लोकांना मालूम नाही असं नाही. त्यांना कटहल मालूम आहे. झाड तेच, फळ तेच. पण कटहल हिरवा असतानाच कापतात, सरसोंच्या तेलात कांदा-मसाल्यात परततात, आणि मांस न खाणारे लोक तो मांस समजून डोळे मिटून खातात. तो पिकतो, गोड होतो, त्याला गरे येतात, हे आमच्या गल्लीत सांगितलं तर लोक हसायचे. आमच्या शकूच्या मते ज्यानं फणस पिकू दिला नाही त्यानं फणस बघितलाच नाही. "कुयरीची, कोवळ्या फणसाची भाजी आम्हीपण करतो," ती सांगायची, "पण आमच्या झाडाला पन्नास लागतात. चार काढून खाल्ले तर झाड काही बोलत नाही. इथे लोक एकच बघतात आणि त्याच्याच मागे सुरी घेऊन धावतात."

बी आणायचं तर माहेराहूनच. पण फणसाची आठळी ही नाजूक चीज आहे. गव्हासारखी डब्यात भरून ठेवता येत नाही, वाळली की मेली. पहिल्या खेपेला रुमालात बांधून आणल्या, मुंबईहून गाडी इथे पोचेपर्यंत सुकून खडखडायला लागल्या. पुढच्या खेपेला तिनं डालड्याच्या डब्यात ओली माती भरली, त्यात आठळ्या पुरल्या, आणि डबा मांडीवर घेऊन बसली. तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, "इसमें क्या है?" ही म्हणाली, "बच्चे." तो पुढच्या डब्यात निघून गेला.

त्या आठळ्या तिच्या माहेरच्या एका खास झाडाच्या होत्या. तिकडे झाडांना नावं असतात. त्याचं नाव खोबऱ्या, कारण त्याचा गरा खोबऱ्यासारखा करकर वाजतो. असा फणस तो कापा. दुसरा असतो बरका, त्याचा गरा मऊ, बुळबुळीत, तोंडात घातला की घसरतो. कोकणात पाहुण्याला कापा देतात. बरका घरची माणसं खातात. तिच्या भावानं तिला बजावलं होतं, "शकू, कापा लावलास म्हणून कापाच येईल असं नाही गो. आठळीचा भरवसा नसतो. पिकेपर्यंत कळायचं नाही."

"माझ्या हातचं झाड बरका निघेल?" असं म्हणून ती गाडीत बसली होती.

एक आठळी उगवली. भिंतीच्या कडेला, अंगणात.

कोकणातलं झाड आणि आमची थंडी. पहिल्या पौषात मी कामावरून आलो तर माझी रजई गायब. बघतो तर चार काठ्या रोवून त्यावर माझी रजई आणि आत हातभर रोपटं. मी म्हणालो, "मी काय पांघरू?"

"तुम्हाला सर्दी झाली तर मी काढा देईन. त्याला झाली तर काय देऊ?"

पुढे मी पडावहून ट्रकची फाटकी ताडपत्री आणून दिली तेव्हा माझी रजई सुटली. उन्हाळ्यात लू चालायची, अंग भाजणारा वारा. नळाला पाणी दिवसाआड. तिनं झाडाच्या वरच्या अंगाला एक फरशी टाकली आणि मला सांगितलं, आंघोळ इथेच करायची. साबण लावायचा नाही, मुळांना सोसत नाही. कितीतरी उन्हाळे मी नुसत्या बेसनानं अंग घासलं. इंजिनाचं ग्रीस बेसनानं जात नाही. मी काळा तो काळाच राहिलो, झाड मात्र हिरवंगार झालं.

भिंतीपलीकडे रामकली जिज्जी राहतात. त्यांचे मालक रेल्वेतून रिटायर झाले. जिज्जी अंगानं आडव्या आणि आवाज किल्ल्यावर पोचेल असा. शकूची आणि त्यांची ओळख भांडणानं झाली. शकू नवी नवरी, त्या बघायला आल्या. हिनं ताट वाढलं. जिज्जी म्हणाल्या, पेट भरा है. हिनं आग्रह केला, "नहीं जिज्जी, एक घास तो खाना ही पड़ेगा." जिज्जी ताडकन उभ्या राहिल्या. "काए भाभी, हम का भैंस हैं जो घास खिला रईं?" मराठीतला घास म्हणजे कौर आणि हिंदीतली घास म्हणजे गवत, हे आईनं मध्ये पडून समजावलं तेव्हा जिज्जी बसल्या आणि पोट भरलेलं असूनही सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं. तेव्हापासून स्वैपाकघराच्या खिडकीतून त्यांची रोजची हाक, "का भाभी, आज कौन सी घास बनी है?"

झाडाला फळ धरायला फार वर्षं लागली. पहिल्यांदा आली ती बोटाएवढी, काळी पडली आणि गळाली. जिज्जी म्हणाल्या, नजर लागली, मिर्ची उतारो. शकू म्हणाली, "नजर नाही. ते नर असतात. काम झालं की गळतात." आणि उगाच माझ्याकडे बघितलं.

मग खरी फळं आली. फणस फांदीच्या टोकाला लागत नाही, खोडालाच लागतो, कमरेएवढ्या उंचीवरसुद्धा. म्हणजे कोणाच्याही हाताला येतो. आणि आमचं खोड वाढता वाढता भिंतीवर कलून अर्धं जिज्जींच्या अंगणात गेलेलं. पहिलं फळ नारळाएवढं झालं त्या दिवशी पलीकडून आरोळी आली, "भाभीईई! कटहल!"

"कटहल नहीं जिज्जी, फणस है. काटने का नहीं."

"काटने का नहीं तो का पूजने का है?"

मोठी चकमक झाली. शेवटी दोघींनी आपापसात ठरवलं की खोडाच्या त्यांच्या अंगाला लागेल तो कटहल आणि आमच्या अंगाला लागेल तो फणस. एकाच खोडाची दोन नावं. गल्लीतली माणसं बघायला यायची. जिज्जी दाखवायच्या, "इधर से हमारा कटहल, उधर से भाभी का फणस."

पण आमचा पिकेपर्यंत टिकला तर बात. एकदा किल्ल्यावरची माकडं उतरली आणि अर्धा कच्चा फणस कुरतडून छतावर फेकून गेली. एकदा वैशाखात आंधी आली, देठ पिळवटून फळ खाली. एकदा जिज्जींच्या दिराच्या तिलकाला, म्हणजे साखरपुड्याला, माणसं जास्त झाली, त्यांच्या अंगाचे कटहल पुरले नाहीत. जिज्जी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. शकूनं स्वतः सुरी आणून दिली. आमच्या मीनाच्या लग्नात व्याही भोपाळचे, त्यांनी कटहलची फर्माईश केली. त्या वर्षी झाडाला आमच्या अंगाला दोनच होते. दोन्ही तिनंच कापले, पदरानं नाक पुसत कापले, कोणी विचारलं तर म्हणाली, चीक डोळ्यात गेला. कढईत परतताना मात्र चव घेऊन म्हणाली, "मेली भाजी होते छानच." दर वटपौर्णिमेला खरबुजाची फाक.

आणि इतक्या वर्षांत सगळ्या गल्लीला तिनं एक गोष्ट पाठ करून दिली होती. आमचा फणस कापा आहे. "जिज्जी, पकेगा तब देखना. ऐसा करकर बजेगा." दूधवाल्याला माहीत, मंदिरातल्या पंडितला माहीत, मीनाच्या सासरी माहीत. कापा म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण भाभीचं झाड कापा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदा म्हणालो, तुझा भाऊ म्हणाला होता भरवसा नाही. ती माझ्यावर अशी उखडली की मी चहा अर्धा टाकून कामावर गेलो.

मग तिला साखरेचा आजार झाला. गोड बंद, पायाला सूज, जिना चढताना दम. डॉक्टरनं आंबा बंद केला तेव्हा मी हळूच म्हणालो, आता फणस पिकून तरी काय उपयोग? ती म्हणाली, "मला खायचा कुठे आहे? मला तो कापा आहे हे बघायचं आहे. आणि एकदा वाणात ठेवायचा आहे."

त्या वर्षी आमच्या अंगाला एकच फळ धरलं, पण मोठं. चैत्रात जिज्जींच्या नातवाचं मुंडण निघालं. जिज्जी नेहमीसारख्या भिंतीशी आल्या. त्यांच्या अंगाला तीन छोटे कटहल होते, पाहुणे पन्नास. शकू झाडाखाली खाटेवर बसली होती, नुकताच जिना उतरून आलेली, श्वास लागलेला. तिनं बोलायची वाट न बघता सुरी पुढे केली. "काट लो जिज्जी. अगले साल देखेंगे."

जिज्जींनी सुरी घेतली. फळाकडे बघितलं, शकूकडे बघितलं, तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग सुरी आपल्याच कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "नईं कटेगा. मुंडन लड़के का है, कटहल का नईं. आलू खा लेंगे सब."

"जिज्जी, लोग क्या कहेंगे?"

"लोग आलू मुँह में भर के का कहेंगे?"

त्या दिवसापासून त्या फळाच्या खऱ्या मालकीण जिज्जी झाल्या. त्यांनी त्याला गोणपाट बांधलं, गोणपाटावर बाभळीच्या काट्या बांधल्या, आणि दुपारभर भिंतीशी काठी घेऊन बसायला लागल्या. माकडांना अशा शिव्या द्यायच्या की मी खिडकी लावून घ्यायचो. शकूचं काम एवढंच की सकाळी उठून फळावर टिचक्या मारायच्या आणि कान लावायचा. अजून ठण ठण. अजून ठण ठण. वटपौर्णिमा त्या वर्षी जून सरत आला तेव्हा पडली होती. पुढे सरकली नसती तर पुन्हा खरबूजच होतं.

पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी गल्लीत गडबड उठली. समोरचा भाडेकरू म्हणाला, नाली में कुछ मर गया है. दुसरा म्हणाला, गॅस लीक हो रहा है, चूल्हा मत जलाओ. दोघा-तिघांनी आपापली सिलेंडरं उचलून बाहेर रस्त्यावर ठेवली. सफाईवाल्याला बोलावलं, त्यानं नालीवरच्या फरश्या उचलल्या, काठी घालून बघितलं, काही मिळालं नाही. "बाबूजी, बदबू तो है, पर गंदी नहीं है," तो बिचारा गोंधळून म्हणाला. शकू ओट्यावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसणं. मी म्हणालो, "सांग ना त्यांना." ती म्हणाली, "थांबा हो जरा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमचं गाव या गल्लीत आलंय. फिरू दे त्याला."

मग उठून झाडापाशी गेली. गोणपाट सोडलं. फळाचे काटे बोथट होऊन पसरले होते. टिचकी मारली. ढब ढब. ती तशीच खोडाला हात लावून उभी राहिली. मी जवळच होतो. पण मला वाटतं, त्या वेळी तिच्या लेखी मी तिथे नव्हतोच.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी फळ उतरवलं. मी आणि जिज्जींच्या मालकांनी मिळून, चादरीत. अंगणात पोतं अंथरलं. शकू पाटावर बसली, हाताला खोबरेल तेल चोपडलं, विळीला चोपडलं, मग जिज्जींच्या हातांनाही चोपडलं, "नहीं तो चीक चिपकेगा, फिर नाती की शादी में भी हाथ नहीं छूटेंगे." गल्लीतल्या बायका गोल करून उभ्या. सगळ्यांनी नाकाला पदर, पण हलायला कोणी तयार नाही.

तिनं फणस आडवा घेतला आणि चिरला. दोन भाग केले. पिवळाधमक. बायका "हाय दैया" करून वाकल्या. शकूनं बोट आत घातलं, एक गरा धरला, ओढला. करकर काही झालं नाही. गरा तारेसारखा लांबला आणि तिच्या बोटांतून सटकून पोत्यावर पडला.

बरका.

मला दिसलं. तिच्या माहेरी मी दोन्ही खाल्लेले आहेत. तिला तर बोट लावताच समजलं असणार. बाकी कोणाला काय कळतंय? सगळ्यांनी कापा हा शब्द तिच्याच तोंडून ऐकलेला. तिनं हा कापा म्हणून सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीनं हाच कापा म्हणून आयुष्यभर मानलं असतं. मी डोळ्यांनी खूण केली, जाऊ दे, सांगून टाक.

समोरची एक म्हणाली, "कापा है ना भाभी?"

शकू त्या गऱ्याकडे बघत बसली. तिचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता, रजईवरून भांडली तेव्हा नाही, मीनाच्या लग्नात नाही. मग तिनं हाताच्या मागच्या बाजूनं घाम पुसला आणि म्हणाली, "नहीं. कापा नहीं है. बरका निकला. मैं इतने साल गलत बोली."

बायकांनी वाकून तो गरा पुन्हा बघितला. त्यांना नुकसान काय झालं तेच समजलं नव्हतं, पण भाभी आपण चुकलो असं म्हणते आहे, एवढंच भारी वाटत होतं. जिज्जींनी विचारलं, "बरका मतलब खराब?"

"खराब नहीं. मीठा ही होता है. पर चबाने को कुछ नहीं. फिसलता है."

जिज्जींनी पोत्यावरचा तो गरा उचलला, आठळी काढायची असते हे न विचारता अख्खा तोंडात टाकला. डोळे मोठे झाले. घशात काही तरी हललं. "हाय राम, जे तो बिना पूछे उतर गया!" आणि तोंडात उरलेली आठळी हातावर काढून बघत राहिल्या. मग आपल्या बोळक्या तोंडात बोट घालून सगळ्यांना दाखवलं. वर तीन दात, खाली एक. "अरे भाभी, दाँत हमाए चार बचे हैं. कापा का करते हम? मूँग दलते?"

आधी शकू हसली. मग सगळं अंगण. तिचं हसणं थांबेना, तेलकट हात हवेत धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, बघताय काय? तुमची कवळी काढा आणि बसा इकडे." मी कवळी खिशात घातली. खरं सांगतो, कापा असता तर मला एक गरा चाववला नसता. मी किती खाल्ले ते मोजले नाहीत. गल्लीनं अर्धा फणस तिथेच संपवला. नाकाचे पदर कधीच खाली आले होते. शकूनं एकच गरा खाल्ला आणि बोट ओठावर ठेवून मला म्हणाली, डॉक्टरला सांगायचं नाही.

रात्री मात्र एकदा म्हणाली, "भाऊ बरोबर बोलला होता." मी म्हणालो, "मग वाणात ठेवणार की खरबूज आणू?"

"आणून बघा," ती म्हणाली.

आता शेवटचं. दवाखान्यातली शकू मी आठवत नाही. आठवायची झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळची आठवतो. किला गेटच्या रस्त्यावरच्या वडाखाली. हिरवी साडी, पायात सूज म्हणून माझ्या चपला. मी लांब स्कूटरपाशी उभा. आमच्या मराठी बायका सूत घेऊन फिरत होत्या, लश्कर या जुन्या दरबारी वस्तीतल्या मोठ्या घरच्यासुद्धा. त्यांच्या आज्ज्या दरबारातल्या, यांच्या वाणात सफरचंदं आणि ड्रायफ्रूट. शकूनं आपल्याच झाडाच्या पानांचे द्रोण शिवून आणले होते, प्रत्येकात दोन-दोन बरके गरे.

सोबत जिज्जी होत्या. इथल्या बायकांचं हेच व्रत पंधरा दिवस आधी, अमावास्येला असतं. जिज्जींनी तेव्हा वडाला, त्यांच्या बरगदला, धागा बांधून आपल्या मालकांचं काम उरकलेलं होतं. पण फणसाचं वाण बघायचं म्हणून पुन्हा आल्या आणि आल्याच आहेत तर वडाला पुन्हा फेरे मारले. माझ्याकडे येऊन हात पुसत म्हणाल्या, "भाईसाब, ये वाले हमने तुमाए नाम के लगा दिए. भाभी के और हमाए मिला के तुमाई उमर डबल."

मी म्हणालो, "जिज्जी, इतनी का क्या करूँगा?"

त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. दोघींनी माझं आयुष्य मागून ठेवलं आणि मी बसलो आहे. पण त्या सकाळी मी हसलो होतो.

वडाखाली एक लश्करची बाई द्रोण हातात धरून उभी होती. नाजूक, सोन्याचा चष्मा. गरा दोन बोटांत धरायला जायची, तो सटकायचा. पुन्हा धरायची, पुन्हा सटकायचा. शेवटी तिनं तोंडात घातला आणि चावायला लागली, चावतेय चावतेय आणि काही होत नाही, डोळे गोल. शकू वडाच्या मुळावर बसलेली, एका हातात सुताची गुंडी, दुसरा हात चिकानं माखलेला. तिनं खालूनच तिला हाक मारली, वाटेवरचे टेम्पोवालेसुद्धा वळून बघतील अशी.

"अहो वहिनी, चावताय काय? बरका आहे तो. सोडून द्या, त्याचा तो जाईल."